मुक्या चेहऱ्यांची कॅसेट

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

श्रुतिका आली. धाकट्या भावाची मुलगी, नागपूरला चित्रकला शिकते. सोबत मैत्रिणीचा व्हिडिओ कॅमेरा. माणसाला खुर्चीवर बसवायचं आणि पाच मिनिटं कॅमेरा चालू ठेवायचा. बोलायचं नाही. कॅसेटवर आवाजही ठेवणार नाही. झालं — ही यांची कला!

एकतीस वर्षं बालाघाटात फोटो स्टुडिओ चालवतो मी. चेहऱ्यात असतं काय? नाक, डोळे, थोडा घाम. भाव आम्ही आणतो — हनुवटी खाली, मान जराशी डावीकडे. हे तिला समजावलं.

म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही चेहरा धरून ठेवता. मले तो सुटताना पाहाचा आहे."

वाक्यं मात्र छान शिकवतात तिथं.

१५ नोव्हेंबर

स्टुडिओ दिला नाही. असल्या पोरखेळाला माझे दिवे कशाला? तिनं घरच्या ओसरीवरच खुर्ची मांडली.

पहिले टिकाराम मास्तर. तीनदा केस विंचरले, मग न्हाव्यासमोर बसावं तसे बसले. दुसरा दुलीचंद कापडवाला. मुस्कुराना है क्या, म्हणून दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला चेहऱ्याचं काय करावं कळेना. चौथ्या मिनिटाला डोळे भरून आले. मी म्हटलं, ऊन डोळ्यांत जातंय, खुर्ची फिरव. श्रुतिकानं ऐकलं नाही.

१६ नोव्हेंबर

दुर्गाबाई भाजीवाली खुर्चीत झोपली. आतापर्यंतचं सगळ्यात खरं काम तिचंच.

१८ नोव्हेंबर

आता पोरीला खुर्चीत मोठी आई हवी, म्हणजे माझी बायको! मी हसलो. म्हटलं, अनुसयेच्या चेहऱ्यावर तुला काय सापडणार? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. किती फोटो काढले — सगळे सारखे, जणू रेशनकार्डासाठी काढलेत. तिचा भाऊ गेला तेव्हाही हाच चेहरा, माझा सत्कार झाला तेव्हाही हाच. लोक सोशिक म्हणतात. मी म्हणतो, कोरी पाटी. हे तिच्यासमोरच म्हटलं.

अनुसयेनं पदरानं हात पुसले. "काही बोलाचं नाही ना? मग जमते मले."

मी स्टुडिओत निघून गेलो. पाच मिनिटं कोरी पाटी बघत कोण बसणार!

२१ नोव्हेंबर, रविवार

आज श्रुतिकानं आमच्या टीव्हीवर सगळ्यांना कॅसेट दाखवली. लोक स्वतःलाच पाहायला नटूनथटून आले होते. टिकाराम मास्तर स्वतःवर खूष. दुलीचंदचे ओले डोळे दिसले. तोच हळूच म्हणाला, "छोटे की याद आ गई थी." धाकटा मुलगा गेला त्याला दोन वर्षं झाली. उन्हाची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

मग अनुसया. ती स्वतः चहा करायला आत गेलेली.

पहिलं मिनिटभर माझ्या ओळखीचं तोंड. मग भुवया सैल झाल्या. ओठाची एक कड वर गेली. दूर कुठंतरी कोणी गातंय आणि ती ऐकतेय, असं वाटलं. मग ती हसली — आवाज नाही, पण गळ्यापर्यंत हसली. लाजली. बावीस वर्षांची दिसत होती. इतके चेहरे पाहिले, पण असा एकही माझ्या कॅमेऱ्यात आला नाही. क्षणभर मला कळेना, ही बाई कोण?

चौथ्या मिनिटाला तिची नजर दाराकडे गेली. एका क्षणात सगळं मिटलं. भुवया, ओठ, डोळे — जागच्या जागी. कोरी पाटी.

दुलीचंदनं विचारलं, भाभीजीला काय झालं?

श्रुतिकानं माझ्याकडे पाहिलं नाही. "काही नाही. मोठेबाबा आलते, स्टुडिओची किल्ली मागाले. तेवढं मी काढून टाकतो."

मला आठवलं. किल्ली विसरून मी अर्ध्या वाटेवरून परत आलो होतो. दारातूनच ओरडलो होतो.

२२ नोव्हेंबर

श्रुतिका गेली. कॅसेटमधून काही काढू नको, असं तिला सांगितलं.

दुपारी जेवताना अनुसयेला विचारलं, खुर्चीवर बसली तेव्हा काय आठवत होतं?

"काही नाही जी," ती म्हणाली. "कोणी काही मागत नव्हतं."

भात मी माझ्या हातानंच वाढून घेतला.