लाल दोऱ्याचा बाण

पनवेल, बुधवार, ता. १२ डिसेंबर १९५६
सकाळचे सव्वासहा. तुमचे बाण फडक्याने पुसून ठेवले आणि लिहायला बसलो.

ती. विठूमामांस शिवाचा नमस्कार.

गिरणीत भाताची गर्दी आहे. माझा खोकला बरा आहे. तुमच्या जनीच्या पायातला काटा निघाला का?

हे पत्र गुरुजी तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांना विनंती, वाडीतले सगळे जमल्यावर मोठ्याने वाचावे. मधले काही गाळू नये.

मचाणावर तुम्ही मला शिकवलेत, "जनावर आडवं उभं राहिल्याबिगर बाण सोडू नको. पुढला पाय पुढं पडला का कोपराच्या मागं मार. बरोबर खाली आलं तर जाऊ दे. थांबायला पैसं लागत नाय." मी ते वहीत लिहूनही घेतले होते.

तीन दिवस मी रिकाम्या हातांनी उतरलो. तिसऱ्या दिवशी झाडाखाली चुलतभाऊ आनंदा हसला, "आमचा शिवा शालंत गेलेला हाय. त्याचा बाण पन इचार करूनच सुटतो."

चौथ्या दिवशी तुम्ही तापाने पडून होता. मी एकटाच चढलो. भेकरी आली ती मचाणाच्या बरोबर खाली. फक्त पाठ दिसत होती. मला आनंदाचे झाडाखालचे हसणे आठवले आणि मी बाण सोडला. ती पडली नाही, झाडीत गेली.

तुम्ही अंथरुणातून विचारलेत, "लागला?"
मी म्हणालो, "नाय. मातीत गेला."

मातीत गेला नव्हता. पिसांपर्यंत आत गेलेला मी पाहिला होता. लागला म्हटले असते, तर सापडेपर्यंत माग काढावा लागला असता, आणि मी कुठून मारला ते तुम्हाला कळले असते. मी घरी जाऊन जेवलो.

तीन दिवसांनी ती ओढ्यावर मेलेली सापडली. पाणी प्यायला आली असावी. बाणाला तुमच्या खुणेचा लाल दोरा होता. तुमचे बाण मी वापरतो हे आपल्या दोघांनाच ठाऊक. लोकांनी विचारले तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलेत आणि म्हणालात, "माझाच हाय."

मी तिथेच उभा होतो. संध्याकाळच्या गाडीने पनवेलला आलो. जखमी जनावर तसेच सोडणारा म्हणून आता तुमच्याकडे कोणी मुलगा शिकायला पाठवत नाही, असे काशिराम गाडीवाला सांगतो.

रविवारी येतो. कोणाला काही विचारायचे असेल तर मला विचारावे.

बाण पाच घेतले होते. काशिरामाच्या हाती चार परत पाठवतो. पाचवा माझा होता.

शिवा