तांब्याची पट्टी

साहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून पदर सावरते. आज मारुंजीला नातीच्या खोलीवर गेले होते. तिनं संगणकावर तिचं काम दाखवलं. मधे विजेचा दांडा, भोवती पत्र्याची पेटी, आणि कुठं ताण किती ते रंगांत दिसतं. मी म्हटलं, "अगं, हे तर आम्ही पाण्यात करायचो!" ती हसली. म्हणाली, "आजी, यात आधी कडांना सांगावं लागतं, ही शून्यावर, ती इतक्या व्होल्टवर. नाही सांगितलं तर हे आपल्या मनानं काहीतरी धरून चालतं. वर चूक झाली असंही सांगत नाही." माझा चहा हातातच निवला.

हेच तुम्ही मला चिंचवडच्या कारखान्यात शिकवलं होतं. मी दापोडीहून येणारी, सातवी झालेली, वाइंडिंगमधली बाई. तार गुंडाळताना हात हलत नाही म्हणून तुम्ही मला टेस्टिंगला मागून घेतलंत. "साहेबांना स्वयंपाकीण पाहिजे असेल," असं बाकीचे म्हणाले, आणि टाकी पाहून मलाही तसंच वाटलं. मेण लावलेली उथळ लाकडी पेटी, परातच म्हणा, आणि तिच्यात बोटभर नळाचं पाणी. पाण्यात पितळेचा तुकडा, तो विजेचा दांडा. कडेला तांब्याची पट्टी, ती पत्र्याची भिंत. दांड्याला दहा व्होल्ट. पट्टीला क्लिपनं अर्थिंगची तार, म्हणजे ती शून्यावर. मी पाण्यातून सुई फिरवायची, मीटरवर सारखा आकडा येईल तिथं तिथं कागदावर ठिपका द्यायची, आणि ठिपके रांगोळीसारखे जोडायची. रेघांची दाटी झाली की तिथं ताण. पहिल्याच आठवड्यात मी एक कड तशीच सोडली, तर तुम्ही पेन्सिल आपटलीत.

"बाई, इथं काय आहे?"

"काही नाही, साहेब."

"वावराला बांध घातला नाही म्हणून शेजारी गप्प बसतो होय? तुम्ही सांगितलं नाहीत, तर पाणी स्वतःच ठरवतं." आणि नियम घालून दिलात: सुई आधी सगळ्या कडांना टेकवायची, आकडे बघायचे, मगच मधलं.

मॅनेजरांना टाकी डोळ्यांसमोर नको होती. "ही भातुकली बंद करा," म्हणायचे. तेवढ्यात गिऱ्हाइकाला पत्र्याची पेटी लहान हवी झाली. भिंत किती आत घेता येईल ते टाकीवरून सांगतो, असा शब्द तुम्ही दिलात. पेटी चाचणीत टिकली तर टाकी राहणार, नाहीतर भंगारात. हे साऱ्या खात्याला ठाऊक होतं.

पट्टी हिरवट पडली होती. मी घरून चिंच-मीठ नेलं, क्लिप सोडली, पट्टी घासून लख्ख केली आणि शेजारणीला कळशी दाखवावी तशी तुम्हाला दाखवली. "वा बाई, हिच्यात बघून आता दाढी करता येईल!" तुम्ही म्हणालात. त्या कौतुकात मी पट्टी जागेवर ठेवली आणि कडांना सुई टेकवायची राहिली. रेघा भिंतीपाशी छान विरळ आल्या. तुम्ही भिंत दोन बोटं आत घेतलीत आणि नकाशावर सही केलीत.

चाचणीच्या सकाळी मी टाकी पुसायला गेले. क्लिप टाकीच्या पायाशी लोंबत होती. पट्टी अधांतरी होती, साहेब. ना शून्य, ना दहा. पाण्यानं तिला मधलाच कुठलातरी आकडा देऊन टाकला होता, म्हणून तर त्या रेघा विरळ. मी क्लिप तारेतून उपटली, मुठीत धरली आणि तुम्हाला दाखवायला धावले. चाचणीच्या जागेभोवतीच्या जाळीपाशी गिऱ्हाइकाची माणसं खुर्च्या टाकून बसलीयेत. मॅनेजर घड्याळ बघतायत. तुम्ही विजेच्या कळीजवळ उभे. मला बघून म्हणालात, "बाई, काही राहिलंय का?" सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मला वाइंडिंगचा बाक दिसला, तिथले हसणारे चेहरे दिसले. मी बोललेच नाही. तुम्ही ते "नाही" धरलंत.

"वीस हजार व्होल्ट," तुमचा माणूस आकडे म्हणतोय. "बावीस." क्लिपचे दात तळव्यात रुततायत. "चोवीस." कडकन आवाज झाला, निळा लोळ दांड्यावरून पेटीच्या भिंतीवर गेला आणि जळक्या रंगाचा वास सुटला. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. "ही तुमची परात!" मॅनेजर ओरडले. तुम्ही खाली बघून म्हणालात, "सही माझी आहे."

संध्याकाळी तुम्ही नसताना मी क्लिप तुमच्या टेबलावर ठेवून आले. तोंड उघडायची हिंमत नव्हती, निदान एवढं तरी. टाकी गेली, तुम्हाला स्टोअरला बसवलं. तुम्ही कंपनी सोडलीत त्या दिवशी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलंत. "घरी जाऊन बघा." घरी उघडलं तर पट्टी होती, आणि तिच्या काठाला क्लिप घट्ट लावलेली. ओरडला असतात तर बरं झालं असतं हो. पट्टी अजून आहे. दिवाळीला सून घासायला काढते, मी हातातून काढून घेते.

हे पत्र कुठं टाकायचं? ते पट्टीच्याच कागदात राहील. आज नातीला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग तू थांबवलं का नाहीस?" मी म्हटलं, "वेळच नव्हता गं." होता, साहेब. तुम्ही कळ दाबायच्या आधी कॅन्टीनची चहाची गाडी आली होती. मी एका हातानं कप घेतला, दुसऱ्या मुठीत क्लिप, आणि जाळीशी उभी राहून तो चहा मी संपवला होता.