न्हाणीची कडी

४ सप्टेंबर २००३, हिंगोली
प्रज्ञाला इथे आणून आठवडा होत आला. धाकट्या भावाची थोरली, एकोणीस वर्षांची. डोंगरकड्याला, भावाच्या गावात, सांगितलंय, आत्याकडे हवापालटाला गेली. दवाखान्यात सांगितलं, चुकून औषध पोटात गेलं. पोलिसालाही तेच. आता घरात आपसातही तेच. काल मीसुद्धा म्हणून गेले, ‘चुकून झालं तेव्हा.’
न्हाणीची आतली कडी काढली. स्क्रू हळदीच्या रिकाम्या डबीत. प्र.ने पाहिलं.

६ सप्टेंबर
तिच्या आंघोळीच्या वेळी दाराशी बसून काही ना काही काम काढते. आज मेथी. पाण्याचा आवाज थांबला की माझी हाक. “झालं का गं?”
आतून, “हाय मी, आत्या, अजून हाय. साबण लावून राहिले. साबणालाबी परवानगी काढू का?”
हसले. पानं टाकून काड्या ठेवल्या, हे भाजी धुताना कळलं.

९ सप्टेंबर
नांदेडला, मानसोपचाराचे डॉक्टर. भाऊ परस्पर आला. प्र.ला बाहेर बसवून डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी असा प्रयत्न? भाऊ घाईने, “न्हाई साहेब, पहिल्यांदाच.” माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हटलं. “नीट आठवा. आधी झालेलं असेल तर धोका जास्त. मग वेगळं जपावं लागतं.” आठवण्यासारखं काही नव्हतं.
म्हणाले, तिला सरळ विचारा. विचारल्याने मनात भरत नाही. पटलं असं वाटलं. बाहेर आल्यावर नाही पटलं.
स्टँडवर भाऊ हळूच, “आक्का, कनेरगाव नाक्याचे पाहुणे दिवाळीनंतर येतो म्हणतेत. लग्न झालं की होतंय सगळं बराबर.”
“तिला विचारलंस?”
“तिला काय इचारायचं. इचारलं की रडती.”

१२ सप्टेंबर
विचारायचं ठरवलं, विचारलं नाही. कॉलेजात वर्गभर पोरापोरींसमोर तास घेते, घरात एक वाक्य तोंडातून निघत नाही. विचारल्यानेच काही झालं तर? न विचारता झालं तर? दोन्हीकडे बोल मलाच. म्हणजे मी तिला जपते आहे की...

१४ सप्टेंबर
विचारलं.
गच्चीवर चादर पिळत होतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ‘चुकून’ न म्हणता म्हटलं, “त्या दिवशी तुला मरायचं होतं का गं?”
“कोणत्या दिवशी?”
वाटलं, टाळते. मग तीच, “टायफॉईडच्या येळंस, का आत्ता?”
बारावीच्या वेळचा टायफॉईड. मी मोसंबी घेऊन गेले होते. कपाळावर हात ठेवला तर गार. ‘उतरला वाटतं ताप,’ म्हटलं होतं. शोभानं, तिच्या आईनं, मान हलवली होती.
“तवा दवाखान्यातून घरी आल्यावर कोणी काहीच बोललं न्हाई. मायनं भात वाढला. बाबानं रेडिओ लावला. मलाबी वाटलं, झालंच नसंल.”
काहून केलंस, विचारलं. “सगळे कारणच इचारतेत, आत्या. एक असतं तर सांगितलं नसतं का?”
आता येतं मनात?
“येतं. जातं. परत येतं.”
चादर दोघींच्या हातात तशीच. पाणी पायांवर.

१५ सप्टेंबर
भावाला फोन केला. ही दुसरी वेळ आहे, डॉक्टरांना सांगणार. तो, “तुला कोण बोललं?”
“तीच.”
“पाहुण्यांच्या कानावर गेलं तर? धाकटीचं कसं व्हायचं? तुझी पोरगी असती तर सांगितलं असतंस का, आक्का?” फोन ठेवला.
मला मूल नाही. म्हणूनच बोलला. पण प्रश्न तसा खोटा नाही. सांगितलं असतं का मी? ‘चुकून’ म्हणायला मला तरी किती वेळ लागला?
प्र.ला विचारलं, सांगू का. “सांग. पण मी असताना. माझ्यामागं न्हाई.”

१८ सप्टेंबर
नांदेड, दोघीच. मी सुरुवात केली, “डॉक्टर, मागच्या वेळी मी जे सांगितलं ते...” पुढे जमेना. ती म्हणाली, “दोनदा.”
डॉक्टर दचकले नाहीत. बरं झालं बोललीस, म्हणाले. आता दर आठवड्याला. गोळ्या माझ्या ताब्यात. मनात आलं की लगेच कुणाला सांगशील? तिनं माझं नाव घेतलं, आणि एका मैत्रिणीचं. बाबाचं नाही घेतलं.
लग्नाची घाई नको, हे डॉक्टर स्वतः भावाला सांगणार. भाऊ आला तर.
संध्याकाळी शोभाचा फोन. “जेवती का?” जेवते म्हटलं. रडू लागली. तिला म्हटलं, तूच बोल तिच्याशी. धीर झाला नाही तिचा.

२१ सप्टेंबर
भावाचा निरोप नाही.
सकाळी हळदीची डबी काढली. प्र.ला म्हटलं, लावू का कडी परत? एवढी मोठी पोरगी, उघड्या दाराची न्हाणी, माझं मलाच वाईट वाटत होतं. वाटलं, खूष होईल.
खांद्यावर टॉवेल टाकून उभी राहिली. डबीतल्या स्क्रूंकडे बघत.
“इतक्यात नको, आत्या. मी सांगीन तवा लाव.”
डबी फळीवर ठेवली. बरं वाटावं की भ्यावं, ठरत नाही.
हे लिहितेय ते दाराशी बसूनच. आत्ता पाण्याचा आवाज थांबला. हाक मारायला तोंड उघडलं, त्याआधी आतून तीच, “हाय मी.”