सरकारचं भात

शहापूर, ३ जानेवारी १९४९

शी! दिवसभर नुसती पोती मोजली. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलो, भाताच्या सुधारित जातींवर एम.एस्सी. केलं – आणि त्याच सरकारनं मला लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या, गोदामात बसवलं! शेतकऱ्याच्या घरात शिरायचं, त्याचं भात बाहेर काढायचं. करारात पाच वर्षं चाकरी लिहून दिलीय, सुटका नाही. साहेबांना म्हटलं, मी बियाण्यातला माणूस. म्हणाले, "मग काय झालं? इथंही भातच आहे!" आणि स्वतःच खो खो हसले. तंबाखूनं काळे पडलेले ते दात!

७ जानेवारी

एका गोष्टीवर तग धरून आहे. तिकडून येताना रुमालात थोडं बियाणं बांधून आणलं होतं. सापगावला महादूकाकाच्या खाचरात दोन पावसाळे वाढवलं. लवकर तयार होतं, वाऱ्यापावसात आडवं पडत नाही, दाणा लांब, सडसडीत. यंदा कणगी भरलीय. जूनमध्ये गावात घरोघर वाटायचं. तेवढं झालं की माझं शिक्षण फुकट गेलं असं कोणी म्हणणार नाही – मीसुद्धा.

११ जानेवारी

गोदामात उंदीर, शिव्या, चिरीमिरी. आज चहा तसाच ओतून टाकला.

१५ जानेवारी

सापगावला गेलो. कणगी रिकामी!

काका ओटीवर बसलेला. तोंडभर हसला. "लेव्ही घातली रे अनंता! तुजी मानसं आली, मी सोता पोती भरून दिली. लोकांनी बोलाया नको, साहेबाच्या काकानं भात दडवला."

"अरे काका, बियाणं होतं ते!"

"आपला जुना भात ठेवलाय ना मी पेरायला. तुला सरकारनं धाडला, सरकारनं शिकीवला. मंग ता भात सरकारचाच नाय का?"

"सरकारी काम आहे, हात लावू नका" असं मीच घरच्यांना मोठेपणानं सांगितलं होतं. बियाणं म्हणजे काय, कशासाठी, हे काकाशी बसून बोलायला माझ्यातल्या साहेबाला फुरसत कुठं होती? काकी पाणी घेऊन आली. ते तसंच ठेवून निघालो. स्वतःचीच किळस आली.

१६ जानेवारी

गोदामात सगळं एकाच ढिगात ओतलेलं, अर्धा ढीग गिरणीवर गेलेला. हमाल मंगळू म्हणतो, "भातावर काय नाव लिवलेला आसते का साहेब?" तरी दुपारभर कोपऱ्यात बसून झाडून काढलेला केर चाळला. उंदरांच्या लेंड्या! अमेरिकेतून पुन्हा बियाणं मागवायचं तर साहेबांची सही हवी. त्या दातांपुढे पुन्हा उभं राहायचं? थू!

२४ जानेवारी

खाणावळीत रेशनचा भात. जाड्या शितांत मधूनमधून लांब, सडसडीत शितं. वेचून ताटाच्या कडेला लावत बसलो.

खाणावळवाल्या गोदूबाई म्हणाल्या, "खडे लागतात का वो साहेब?"

"नाही," म्हटलं.

मग तीही खाल्ली. चव चांगली आहे.