जिन्यावर वजन काय होतं

१२ एप्रिल, रविवार
मी सांगते, वंदना लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे. शिकलेली सून आणली त्याचा काहीतरी उपयोग. (हेपण लिहिलं तिनं.)

ह्यांना दवाखान्यातून आणून नऊ दिवस झाले. खुब्यात सळई आहे. जन्मभर लोकांच्या दारात लोखंड बसवलं, आता स्वतःच्या अंगात बसवून घेतलं, असं म्हटलं तर हसले नाहीत. एरवी हसले असते. डॉ. म्हणाले, वॉकर धरून रोज चार पावलं चालवा, आता नाही उठले तर पुढं उठायचे नाहीत. हे भिंतीकडे तोंड करून.

एकच बोलतात. "माजा जोड सुटला."

बाहेरचा लोखंडी जिना ह्यांच्याच हातचा, आमचा अजय जन्मला त्या वर्षीचा. एमआयडीसीत वेल्डर होते, लोखंडाचे जोड मारायचे, सुट्टीच्या दिवशी घरचं काम करायचे. गल्लीतली निम्मी गेटं ह्यांचीच. वळणावरच्या टप्प्याचा कोपरा खाली आला, त्याच्यासकट हेही.

१३ एप्रिल
वंदनाला ऑफिसातून येताना सात रस्ता चौकाजवळ शटरवर नंबर दिसला. मशीन टेम्पोत घालून घरी येणारा वेल्डर. जिना भिंतीत गाडलेला, दुकानात कसा न्यायचा? फोन लावला. नुसता बघायला येत नाही म्हणे, आधी माहिती पाठवा, मग भाव सांगतो.

काय काय हवं ते व. नं लिहून घेतलं. लांबून फोटो, जवळून फोटो. मापं. पाइप केवढा. लाइट कुठून मिळेल. टेम्पो दारापर्यंत येतो का. कसं तुटलं. जिन्यावर वजन काय होतं.

मी म्हणाले, तुझ्या लग्नात आम्ही एवढं विचारलं नव्हतं. विचारायला पाहिजे होतं. व. लिहायची थांबली. लिही की.

ह्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्याचा हात लागणार त्या जिन्याला. जेवले नाहीत.

१५ एप्रिल
मापं घेतली. व. कडं ब्लाउजची टेप, माझ्याकडं वीत. टप्पा माझ्या पाच विती आणि चार बोटं. टेपनं काढलं तर जवळपास तेवढाच. टेपला सांगितलं, शिकलेली असूनही बरोबर आलीस.

पायऱ्या अकरा. लाइटची वायर पुढच्या खोलीतून काढता येईल. टेम्पो येईल का? अजयच्या लग्नात नवरदेवाचा घोडा दारापर्यंत आला होता, पण फिरवता येईना, पाठीमागं चालवत न्यावा लागला. व. नं नुसतं लिहिलं, गल्ली अरुंद.

"कसं तुटलं" पुढं काय लिहू, तिनं हळू विचारलं. आतून आवाज आला. "लिवा की. जोड सुटला म्हणून लिवा."

शेवटचं राहिलं होतं, वजन. मी म्हणाले, काही नव्हतं लिही. व. नं माझ्याकडं बघितलं. लिहिलं.

वॉकरवर टॉवेल वाळत घातलेत. तेवढंच काम त्याला.

१६ एप्रिल
पाणी आलं, पाचव्या दिवशी. खालीच भरलं.

व. नं जवळून फोटो काढला. तुटून पडलेला तुकडा अंगणात जास्वंदीखाली होता. वीतभर. हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

मला अक्षर येत नाही. पण ह्यांचा जोड मला वाचता येतो. दुपारचा डबा घेऊन जायची तेव्हा रोज बघायची, माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, सारखा. तुकड्यावर तो तसाच आहे. दोन पाइप अजून एकमेकांना धरून आहेत. जोडापासून चार बोटं पुढं पाइपच सडलाय. पापडासारखा. नख लावलं तर गळतो.

जोड सुटलाच नाही.

लिही आता. काही नव्हतं, ते खोटं. पाण्याचा ड्रम होता. मोठा निळा. रोज पाणी येत नाही, खाली जागा नाही, म्हणून मी टप्प्यावर ठेवायला लावला. हे म्हणायचे, तिथं नको, लोखंड खातं पाणी. मी म्हणायची, पाणी काय तुमचं लोखंड पिणार? वर्षानुवर्षं. दर खेपेला भरून वाहायचा, पाणी त्याच कोपऱ्यात मुरायचं. त्या दिवशीपण वाहत होता. मीच हाक मारली, वर जावा, नळी काढा.

ह्यांना दवाखान्यात सोडून आले नि आधी वर राहिलेला ड्रम रिकामा करून उतरवला. का, ते विचारू नको.

व. नाक ओढत लिहितेय.

१८ एप्रिल, शनिवार
दोन दिवस तुकडा माझ्या ट्रंकेत. साड्यांत गुंडाळून.

सांगितलं तर ह्यांचा हात सुटतो, माझा अडकतो. नाही सांगितलं तर हे भिंत बघत जाणार.

अजय आला पुण्याहून. बापाला उभं करायला बघितलं. "सोड. ज्याचा जोड टिकत न्हाय त्यानं उभं ऱ्हाऊन काय करायचं?"

मी स्वयंपाकघरातून ऐकलं. भाकरी करपली.

१९ एप्रिल
सकाळी तुकडा पदरानं पुसला, ह्यांच्या हातात दिला. नजर अधू झालीय, पण अंगठा शाबूत. जोडावरून फिरवला. एकदा, मग उलटा. पुढं सरकला. सडक्या कडेपाशी थांबला.

"डरम कुटं हाय आता?"

"खाली. मोरीपाशी."

"मी सांगितलं हुतं तुला."

"व्हय."

तोंड भिंतीकडं. तुकडा परत मागितला, दिला नाही.

वेल्डरची माहिती पुन्हा लिहून घेतली. कसं तुटलं: पाइप सडून, जोड शाबूत. वजन: पाण्याचा ड्रम, भरलेला. ठेवणारी: मी. व. म्हणाली, आत्या, त्याला ठेवणाऱ्याचं नाव लागत नाही. लिही म्हटलं.

पाठवू का, विचारतेय. थांब जरा.

वॉकरवरचे टॉवेल काढलेत. कॉटला टेकवून ठेवलाय. हे अजून तसेच पाठमोरे. चादरीखाली हात हलतोय. अंगठा जोडावर आहे की सडक्या कडेवर, इथून दिसत नाही.