अण्णा, उजवं बटण

प्रिय अण्णा,

‘राइट क्लिक करा’ असं मी तुम्हाला म्हणालो, त्या क्षणी आपलं बिनसलं. का बिनसलं ते आज कळलं, म्हणून लिहितोय.

कोल्हारला तुमच्या छापखान्यात मी कामासाठी आलोच नव्हतो. नगरचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, आणि मनीषा तुमच्याकडे लग्नपत्रिकांची प्रूफं वाचायला यायची. हे तुम्हाला ठाऊक होतं ना? तरी मला कॉम्प्युटरवर बसवलंत.

तुम्हाला नीट दिसत नव्हतं. पडद्यावरची अक्षरं मोठी करायची, तर एकातून एक चार खिडक्या उघडाव्या लागत. मी मनीषाशी बोलत असलो की नेमकी हाक यायची, “विज्या, अक्षरं मोठी कर रं.”

शेवटी वैतागून मी एक सोय केली. माऊसचं उजवं बटण दाबलं की जी यादी उघडते, तिच्यात ‘अक्षर मोठे’ अशी ओळ घातली, इंग्रजी लिपीत. ती दाबली की थेट शेवटची खिडकी. दोन दिवस गेले त्यात.

मग तुम्हाला माऊसपाशी बसवलं. मी म्हणालो, राइट क्लिक करा. तुम्ही डावं दाबलंत. पुन्हा डावं. पुन्हा.

“राइट कळतं का तुम्हाला?”

“आरं, राइटच करतुय की!”

मनीषा हसली. मला वाटलं, तुम्ही माझी टर उडवताय. मी काहीबाही बोललो. तुम्ही म्हणालात, “कालेज अर्धं सोडलेल्यानं मला शिकवू नये.” मी निघून गेलो. महिन्याभरात तुम्हीही गेलात, कायमचे.

आज काकूंनी बोलावलं. तुमच्या माघारी छापखाना आता त्याच चालवणार. दिसण्याची अडचण त्यांनाही आहेच. मी म्हणालो, राइट क्लिक करा. त्यांनी डावं दाबलं.

“बरोबरच दाबतेय की रे.”

“काकू, राइट म्हणजे?”

“म्हणजे बरोबर, नेहमीचं बटण. प्रूफात चूक नसली की हे राइटच म्हणायचे ना?”

दिवसातून पन्नासदा ऐकलं होतं मी ते.

“उजवं दाबा, काकू.”

यादी उघडली, त्यांनी ‘अक्षर मोठे’ दाबलं. अक्षरं टपोरी झाली. काकू म्हणाल्या, “एवढंच होतं? मग त्यांना उजवं म्हणाला असतास तर?”

अण्णा, तुम्ही तरी एकदा विचारायचं होतंत, कुठलं बटण म्हणून. मनीषासमोर विचारायला लाजलात? मलाही तिच्यासमोरच हुशारी दाखवायची होती.

काकूंनी पहिला मजकूर घेतला तो मनीषाच्या लग्नाचा. मुलगा राहुरीचा. दोन्ही नावं त्यांनी स्वतः टाइप केली, मला एकदाही हाक न मारता.

अण्णा, यापुढे कुणाला शिकवायला बसलो, तर तो माझ्या शब्दाचा काय अर्थ घेतोय ते आधी विचारीन. आवाज चढणार नाही, असं मात्र सांगत नाही. तुम्ही ओळखता मला.

काकूंचं काम चाललंय. इथं आता माझी गरज नाही. पत्र तुमच्या खणात ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुमचा,
विज्या