पायरीखालचं नाव

लोणावळा, ३ फेब्रुवारी २०२५

ति. आबा यांस,
सारिकाचा सादर जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. एप्रिलपासून आमची बँक मोठ्या बँकेत विलीन होणार. मुख्य कचेरीची इमारत पाडतील. त्याआधी बँकेच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. ती साहेबांनी माझ्याकडे दिली आहे.

चौसष्ट साली ही इमारत बांधताना गावोगावहून नाव कोरलेला एकेक दगड आला, हे इतिवृत्तात आहे. दर्शनी भिंतीत एकवीस आहेत. मी तीनदा मोजले. आपल्या भाजेवस्तीच्या दगडाची नोंद नाही. तो पायरीला उलटा लावला, असं तुम्ही सांगता. पण कागद नाही. घरचं म्हणून घुसवलं, असं कुणी म्हणायला नको, म्हणून वगळलं. रागावू नका.

तुमची नात,
सारिका

भाजे, ९ फेब्रुवारी

चि. सारिकास अ. आ.

आबा सांगतायत, मी त्यांच्याच शब्दांत लिहितेय.

कागदात न्हाई तर लिहू नको. पर पोरी, सा वर्सं तू त्याच पायरीवरनं कामाला जातीस. भिंतीत बसंना म्हनले, अन् नावाची बाजू खाली घातली. अक्षरं म्याच कोरल्याली, सोळा वर्सांचा हुतो. बापाला न सांगता खाली पिंपळपान काढलं. भिंतीतली नावं पावसानं झिजली असत्याल, माजं न्हाई झिजायचं. सायबाला म्हनावं, पायरी उचलून बघा. मला बी बघाया यायचंय.

आबांचा खोकला वाढलाय गं. औषध म्हटलं की यांना ऐकू येत नाही, चहा म्हटलं की येतं. तब्येतीला जप.

तुझी आत्या,
यशोधरा

लोणावळा, २२ मे

ति. आत्यास,
सादर जय भीम.

आबांना जाऊन आज चाळीस दिवस झाले. आज इमारत पाडणाऱ्यांनी पायरी उलटली. माती मी ओढणीनं पुसली. ‘भाजेवस्ती’. काल कोरल्यासारखी अक्षरं, खाली पिंपळपान.

फेब्रुवारीत मी दोनदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेले आणि परत फिरले. घरच्या गोष्टीसाठी बँकेची पायरी उचला, असं कोणत्या तोंडानं सांगू, असं वाटलं. पुस्तिकेत एकवीसच छापलं. ती तू आबांना वाचून दाखवलीस, तेव्हा ते काय म्हणाले, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस. आता सांग.

दगड उद्या टेम्पोनं पाठवते. दारात पायरीला लावू नकोस. भिंतीशी उभा ठेव, नावाची बाजू बाहेर.

माझ्यावरची माया कमी झाली असली, तरी उत्तर लिही.

तुझी,
सारिका